एअर रायफलसाठी पहिला स्कोप: आधी अंतर मोजा, झूम नंतर बघा

ऑनलाइन दुकानात ‘रायफल स्कोप’, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, शोधली की पहिल्या पानावरच ‘६-२४×५०, हंटिंग, लाल-हिरवा दिवा’ असा डबा समोर येतो. किंमत आवाक्यातली, फोटो भारी आणि वर चोवीस पट झूम. नव्या माणसाचं मन तिथेच बसतं. पण पुण्यात नव्याने हा नाद लागलेल्या बहुतेकांकडे असते .१७७ बोअरची (नळीच्या आतला व्यास, इंचांत) स्प्रिंगवाली एअर रायफल, आणि नेम धरायचा असतो दहा ते पंचवीस मीटरवर. त्या रायफलवर हा स्कोप चढवला तर दहा मीटरवरचा कागद धूसर दिसतो, आणि छऱ्यांचे एक-दोन डबे संपेपर्यंत क्रॉसहेअर, म्हणजे आतली नेमाची फुली, जागेवरून हलायलाही लागू शकतं.

तो स्कोप वाईटच असतो असं नाही. तो दुसऱ्या बंदुकीसाठी आणि दुसऱ्या अंतरासाठी बनवलेला असतो. म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी पक्क्या करा: तुम्ही किती लांबून नेम धरणार आहात, आणि तुमच्या रायफलचा झटका कोणत्या जातीचा आहे. झूम, दिवा, ब्रँड हे सगळं त्याच्या मागून येतं. ही दोन उत्तरं हातात असली की थोड्या पैशांतही वर्षानुवर्षं साथ देणारा स्कोप मिळतो.

स्कोप घ्यायलाच हवा का?

बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुलात जाऊन १० मीटर एअर रायफल शिकायची आणि पुढेमागे स्पर्धेत उतरायचं असा विचार असेल, तर स्कोपवर एक रुपयाही घालू नका. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, आणि ५० मीटर थ्री पोझिशनलाही नाही. तिथे मागे बारीक भोकाची पीप साइट असते आणि पुढे रिंग. स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला; बालेवाडीत सराव करून त्याने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, तेही पन्नास मीटरवर आणि स्कोपशिवाय. स्पर्धेचं स्वप्न असलेल्या मुलाला किंवा मुलीला आधी प्रशिक्षकाकडे न्या. स्कोपची सवय लागली की पीप साइटवर येताना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

मग स्कोप कोणासाठी? शेतावर किंवा क्लबच्या रेंजवर कागदावर बारीक ग्रुप पाडण्यात (छर्रे एकमेकांना चिकटून लावण्यात), बाटल्यांची झाकणं उडवण्यात आनंद मिळतो त्यांच्यासाठी. आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी. ओपन साइटमध्ये मागची खाच, पुढचं टोक आणि टार्गेट अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू एकदम बघाव्या लागतात, आणि चष्मा लागलेल्या डोळ्याला ते जमत नाही. स्कोपमध्ये क्रॉसहेअर आणि टार्गेट एकाच पातळीत दिसतात. नेमबाजी सोडून दिलेल्या कित्येक जणांना स्कोपने परत आणलंय, हे मी आनंदाने सांगतो.

शिकारीचं काय?

आपल्याकडे शिकार नाही, विषय संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली आहे. ससा, तितर, होला यांच्यावर एअर रायफल रोखणं हा गुन्हा आहे, मग रायफलला परवाना लागो वा न लागो. शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी असते, पण तो सरकारी प्रक्रियेचा भाग आहे, आणि एअर रायफल त्या कामाची नव्हेच. सोसायटीच्या गच्चीवरचं कबूतर किंवा रस्त्यावरचं कुत्रंही नाही. तिथे १९६० चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा आहे. जनावर जखमी होऊन दिवसभर तडफडतं, ती चूक कुठल्याही स्कोपने झाकली जात नाही.

तरीही डब्यावरचा ‘हंटिंग’ हा शब्द समजून घ्यायला हवा, कारण बाजारातले निम्मे स्कोप त्या नावाने विकले जातात. ज्या देशांत शिकारीला परवाना मिळतो तिथे हरीण किंवा डुक्कर दिसतं पहाटे नाहीतर संध्याकाळी, झुडपाच्या कडेला, पन्नास ते दोनशे मीटरवर. त्यामुळे त्या स्कोपला अंधुक उजेडासाठी मोठी काच लागते, जनावर पटकन सापडावं म्हणून रुंद दृश्य लागतं, आणि क्रॉसहेअरच्या बाहेरच्या रेषा जाड लागतात. बंदूक मोठ्या झटक्याची, आणि पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं, पुढे सांगतो) कारखान्यातच १०० यार्डांना बसवलेला. आपण भर उन्हात दहा मीटरवरचा मिलिमीटरचा ठिपका शोधत असतो. दोन्ही गरजा जवळजवळ उलट्या आहेत.

रायफलच्या कायद्याबद्दलही दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो. त्याच्या आतल्या एअर रायफलला लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, तो आनंदाने द्या. बिल जपून ठेवा आणि रायफल नेताना सोबत बाळगा. रायफल नेहमी बंद पिशवीतून न्या.

पहिली पायरी: जागा आणि अंतर

स्कोप निवडण्याआधी टेप घेऊन तुमची जागा मोजा. मुळशी, मावळ, भोरकडे स्वतःचं किंवा ओळखीच्यांचं शेत असेल आणि मागे मातीचा उंच बांध असेल तर पंचवीस-तीस मीटर आरामात मिळतात. घरात लांब पॅसेज असेल तर दहा मीटर, तेही दारं बंद करून आणि मागे छर्रा अडवणारी पेटी ठेवून. सोसायटीची गच्ची मुळीच नको. वर तोंड करून सुटलेला छर्रा दोनशे-तीनशे मीटर जाऊ शकतो, आणि पुण्यात तेवढ्यात चार इमारती आणि एक शाळा येते. वेताळ टेकडी किंवा पाषाणची टेकडीही नको. तिथे माणसं फिरतात, मोर असतात, आणि बंदूक दिसली की लोक पोलिसांना फोन करतात. त्यांनी करायलाच हवा.

मोजलेलं अंतर लिहून ठेवा. दुकानात हाच आकडा सांगायचा आहे.

दुसरी पायरी: रायफलचा झटका ओळखा

नवशिक्याला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि स्कोप मोडतात ते हिच्यामुळेच.

गोळीच्या बंदुकीचा झटका एका दिशेला असतो, मागे. तिचे स्कोप तो धक्का सोसतील अशा बेताने आतून टेकवलेले असतात. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलचं वागणं वेगळं आहे. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धावतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे येते. मग पिस्टन नळीच्या मागच्या टोकाशी हवेच्या गादीवर आपटून थांबतो, आणि रायफल तितक्याच जोरात पुढे फेकली जाते. हे सगळं छर्रा नळीतून पुरता बाहेर पडायच्या आसपास घडतं. खांद्याला ते फारसं जाणवतही नाही. पण स्कोपच्या आतली भिंगं आणि क्रॉसहेअर धरून ठेवणारी बारीक स्प्रिंग उलट्या दिशेने हादरते, आणि त्या दिशेला बऱ्याच स्कोपना आधारच नसतो. महागडा, नावाजलेला हंटिंग स्कोप स्प्रिंगवाल्या रायफलवर खिळखिळा होऊ शकतो तो याचसाठी.

म्हणून डब्यावर ‘एअरगन’ किंवा ‘स्प्रिंगर’ला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला थेट विचारा: “स्प्रिंगच्या रायफलवर लावला आणि वॉरंटीत क्रॉसहेअर हललं, तर बदलून देणार का?” उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जा. गॅस रॅमच्या रायफलमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू असतो, पण पिस्टन तोच, त्यामुळे झटकाही दुहेरी. तिलाही हाच नियम. पीसीपी म्हणजे आधी हवा भरून ठेवायच्या रायफलला झटका नसल्यासारखाच, तिच्यावर जवळपास कुठलाही स्कोप टिकतो. अर्थात पीसीपी घेतली की पंप आणि टाकीचा खर्च येतो, आणि स्कोपवर वाचलेले पैसे तिकडे जातात.

तिसरी पायरी: पॅरॅलॅक्स

स्कूटरवर मागे बसून खांद्यावरून स्पीडोमीटर बघितला तर काटा चालवणाऱ्याला दिसतो त्यापेक्षा वेगळ्या आकड्यावर दिसतो. काटा आणि तबकडी यांच्यात फट आहे, म्हणून डोळ्याची जागा बदलली की वाचन बदलतं. स्कोपमध्येही तेच. टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर आत एकाच पातळीत आले तरच डोळा हलला तरी नेम हलत नाही. हे जुळणं एका ठरावीक अंतरालाच होतं. हंटिंग स्कोपमध्ये ते १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, .२२ रिमफायर बंदुकीच्या स्कोपमध्ये बहुधा ५० यार्ड.

आता दहा मीटरचा हिशेब करून बघा. पॅरॅलॅक्समुळे जास्तीत जास्त किती चूक होईल ते काढायची सोपी रीत आहे: पुढच्या काचेच्या व्यासाचं अर्ध, गुणिले दोन अंतरांमधला फरक, भागिले स्कोप ज्या अंतराला बसवलाय ते अंतर. चाळीस मिलिमीटरची काच, स्कोप ९१ मीटरला, टार्गेट १० वर: २० गुणिले ८१ भागिले ९१, म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर. दहा मीटरच्या अधिकृत टार्गेटचा पूर्ण व्यास ४५.५ मिलिमीटर असतो, मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि एका रिंगेपासून दुसरीपर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. डोळा एका कडेला सरकला तर तुम्ही सात रिंगा बाहेर जाऊ शकता, आणि क्रॉसहेअर मात्र पूर्ण वेळ मधोमध दिसत असतं! त्यावर नवशिका बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

उपाय म्हणजे पॅरॅलॅक्स फिरवता येणारा स्कोप. पुढच्या काचेभोवती फिरणारी रिंग असेल तर तिला एओ (ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. डाव्या बाजूला चाक असेल तर साइड फोकस. साइड फोकस पडल्या पडल्या फिरवता येतो, पण तो महाग. पहिल्या स्कोपला एओ पुरे. महत्त्वाचं हे की रिंगेवरचा सगळ्यात लहान आकडा १० यार्ड किंवा त्याहून कमी हवा. काही एओ स्कोप पंचवीस किंवा पन्नास यार्डांपासूनच सुरू होतात. ते आपल्या उपयोगाचे नाहीत. रिंगेवरचे आकडे स्वस्त स्कोपमध्ये ढोबळच असतात, त्यांच्यावर विसंबू नका. रायफल टेकवून ठेवा, आतून बघत डोकं किंचित वर-खाली करा, आणि क्रॉसहेअर टार्गेटवर तरंगायचं थांबेपर्यंत रिंग फिरवा. थांबलं ती जागा पांढऱ्या पेनाने खुणेने नोंदवा.

शंभर यार्डांचा स्कोप आधीच घरात येऊन पडला असेल तर एक बिनपैशाचा उपाय आहे. काळ्या पुठ्ठ्याची गोल चकती कापा, मधोमध वीस मिलिमीटरचं भोक पाडा आणि पुढच्या काचेच्या कडेत बसवा. काचेचा वापरातला व्यास निम्मा झाला की सूत्राप्रमाणे चूकही निम्मी होते, आणि धूसरपणा कमी होतो. दिवसा उजेडाची कमतरता नसतेच. झूम चार-पाच पटींच्या खाली ठेवा. काही जण पुढची काच थोडी उघडून पॅरॅलॅक्स जवळ आणतात. तसं करू नका. आतला नायट्रोजन निघून जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात आतून वाफ धरते.

चौथी पायरी: आता आकडे वाचा

३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पट, आणि पुढची काच ४० मिलिमीटर. ४×३२ म्हणजे चारच पट, कायमची. काचेच्या व्यासाला झूमने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: ४० भागिले ९, साधारण साडेचार मिलिमीटर. भर दुपारी आपल्या बाहुलीचा व्यास दोन-तीन मिलिमीटरच असतो. म्हणजे ५० मिलिमीटरची काच दिवसाच्या सरावात काहीच जास्त देत नाही. उलट ती मोठी म्हणून स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागतात, गाल दस्त्यावर टेकत नाही, डोळा दरवेळी वेगळ्या जागी येतो आणि पुन्हा पॅरॅलॅक्सच्या चुकीत सापडतो.

माझं मत स्पष्ट आहे. दहा ते पंचवीस-तीस मीटरसाठी ३-९×४० एओ, स्कोपची नळी एक इंची, साधं मिलडॉट (रेषांवर ठिपके असलेलं) क्रॉसहेअर. बजेट आणखी कमी असेल तर एअरगनसाठीचा ४×३२. त्यात बिघडायला भाग कमी. ज्या रायफलसोबत ४×२० फुकट मिळतो त्यांनी तो काढून ठेवावा. त्याची नळी बारीक, प्रतिमा कोंदट, आणि नेम सरकवणाऱ्या बटणाचे क्लिक मोजूनही नेम कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आत पेटणारा लाल-हिरवा दिवा उन्हात दिसतही नाही. तेच पैसे रिंगांना द्या.

मिलडॉटबद्दल एक सूचना: स्वस्त झूम स्कोपमध्ये ठिपक्यांमधलं अंतर एकाच झूमला खरं असतं. झूम बदलली की ‘एक ठिपका खाली’ याचा अर्थ बदलतो. एक झूम ठरवा आणि सराव तिच्यावरच करा.

दुकानात काय बघायचं

सुटा स्कोप हातात घेऊन दुकानाच्या दारात या. रायफलवर चढवलेला स्कोप रस्त्याकडे कधीही रोखायचा नाही, रिकामी असली तरी नाही. समोरच्या दुकानाची पाटी बघा. अक्षरं मधोमध जशी स्वच्छ आहेत तशी कडेलाही आहेत का? पांढऱ्या पाटीवरच्या काळ्या अक्षराला जांभळी किनार दिसते का? थोडीफार चालेल, फार नको. मग झूम तीनवरून नऊवर न्या. क्रॉसहेअर पाटीवरच्या त्याच अक्षरावर राहायला हवं. टरेटची, म्हणजे नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या बटणाची, टोपी काढून ते फिरवा. प्रत्येक क्लिक बोटाला वेगळं जाणवायला हवं. मऊ, घसरणारं वाटलं तर नको. कानाजवळ हलवा, आत काही वाजायला नको.

काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट किंवा जांभळट दिसलं तर काचेवर थर आहे. पांढरंफटक दिसलं तर नाही. आरशासारखी लालभडक चमकणारी काच टाळा, ती लाल उजेड परत फेकते आणि आतलं चित्र निळसर, थंड पडतं.

ऑनलाइन घेताना माल परत घेतात की नाही आणि वॉरंटी भारतात चालते का, हे आधी वाचा. नामांकित ब्रँडच्या नकला भरपूर आहेत. नेहमीच्या भावापेक्षा निम्म्याने मिळत असेल तर समजून घ्या.

पाचवी पायरी: रिंगा

स्कोपवर आठवडाभर विचार करणारा माणूस रिंगा मिळतील त्या घेतो, आणि पुढचे सगळे घोळ तिथून सुरू होतात. एअर रायफलच्या वरच्या खाचा बहुधा ११ मिलिमीटरच्या डवटेल असतात. गोळीच्या बंदुकीची पिकॅटिनी किंवा वीव्हर पट्टी जवळपास दुप्पट रुंद. एकाच्या रिंगा दुसऱ्यावर बसत नाहीत. स्कोपची नळी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, असेल तर रिंगही त्याच मापाची. ३० मिलिमीटरच्या रिंगेत कागद घालून कसंतरी भागवू नका.

स्प्रिंगवाल्या रायफलला स्टॉप पिन असलेली रिंग किंवा एकसंध माउंट (दोन्ही रिंगा एकत्र असलेलं) घ्या. रायफल पुढे उसळते तेव्हा स्कोप जागच्या जागी राहू बघतो, आणि हळूहळू मागे सरकत जातो. रायफलवर पाठीमागे छोटं भोक असेल तर ती पिन त्यात उतरते आणि सरकणं थांबतं.

बसवताना

खालच्या रिंगा बसवा, स्कोप ठेवा, वरची झाकणं सैल लावा. नेहमीच्या ढबीत गाल टेकवून डोळे मिटा, मग उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळा आणि काच यांच्यात सात ते नऊ सेंटिमीटर अंतर राहतं. हे सगळं सर्वांत जास्त झूमवर करा.

मग क्रॉसहेअर सरळ करायचं. यासाठी गवंड्याच्या ओळंब्याइतकं चांगलं साधन नाही. बोहरी आळीत मिळतो. दहा मीटरवर खिळ्याला ओळंबा लटकवा, दोरी स्थिर होऊ द्या, रायफल सपाट टेकवा आणि उभी रेषा दोरीशी जुळवा. रेषा तिरकी राहिली तर दहा मीटरला फार कळत नाही, पण पंचवीसला छर्रे एका बाजूला वाहायला लागतात. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. ॲलन कीचं आखूड टोक दोन बोटांत धरून जेवढं आवळलं जातं तेवढं पुरे. अंगाचा जोर लावलात तर नळी पिचते. शेवटी रिंगेच्या कडेला स्कोपवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. स्कोप सरकला तर ती लगेच सांगेल.

क्रॉसहेअर डोळ्याला धूसर दिसत असेल तर मागच्या काचेचा डोळा फिरवा. मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघून दोन-तीन सेकंदांतच ठरवा, कारण जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो. सूर्याकडे चुकूनही नाही.

झिरो करणं

झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर छर्रा क्रॉसहेअरच्या मध्यावरच लागेल असं जुळवणं. अप्पा बळवंत चौकातून शाळेचा आलेख कागद आणा. त्यावर मिलिमीटरचे चौकोन छापलेले असतात, त्यामुळे पट्टीची गरज राहत नाही. मधोमध काळा ठिपका काढा आणि दहा मीटरवर लावा. मागे जाड पेटी, पेटीच्या मागे भिंत किंवा बांध. डोळ्यांना चष्मा. शिसाचे छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही.

स्प्रिंगवाली रायफल घट्ट पकडली की ग्रुप फुटतो. डावा तळवा वाळूच्या मऊ पिशवीवर ठेवा, रायफल त्यावर नुसती टेकवा, खांद्याला हलकी लावा आणि तिला हवं तसं उसळू द्या. सुरुवातीचे काही छर्रे रायफल जागेवर यायला जातात, ते मोजू नका. मग पाच छर्रे एकाच ठिपक्यावर. एका छऱ्यावरून टरेट फिरवू नका. पाचांचा मध्य बघा.

बहुतेक स्कोपवर एक क्लिक पाव एमओए असतं (एमओए म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग). शंभर मीटरला ते सव्वासात मिलिमीटर, दहा मीटरला ०.७३ मिलिमीटर, पंचवीसला १.८. समजा ग्रुपचा मध्य ठिपक्याच्या २२ मिलिमीटर खाली आणि ११ मिलिमीटर डावीकडे पडला. २२ भागिले ०.७३ म्हणजे ३० क्लिक वर, आणि १५ उजवीकडे. छर्रा ज्या दिशेला न्यायचा त्या दिशेला बाण. क्लिक दिल्यावर टरेटवर बोटाने दोन टिचक्या मारा आणि एखाद-दोन छर्रे वाया जाऊ द्या. स्वस्त स्कोपमधली स्प्रिंग नव्या जागेवर बसायला तेवढा वेळ घेते.

क्लिक संपले तरी छर्रा खालीच पडत असेल तर घाबरू नका. नळी मोडणाऱ्या बऱ्याच रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. मागच्या रिंगेत पातळ पट्टी घालून मागची बाजू उचलतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा तुकडा यासाठी झकास. पट्टी एक-दोन थरांपेक्षा जास्त लागली तर उतार दिलेलं माउंट घ्या.

शेवटी चौकोनाची परीक्षा. पाच छर्रे, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, दर कोपऱ्यावर पाच छर्रे. शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन पडला तर स्कोप विश्वासाचा आहे. आला नाही तर वॉरंटी संपायच्या आत परत करा.

दहावर झिरो झालं की पंचवीसला जा, आणि तिथे पुन्हा झिरो करा. छर्रा वळणाने जातो आणि स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेला असतो, म्हणून अंतर बदललं की तो ठिपक्याच्या वर किंवा खाली पडतो. सेकंदाला दोनशे मीटर वेगाचा छर्रा पंचवीसला बरोबर बसवला, तर दहावर तो तीन-चार मिलिमीटर खाली आणि अठराच्या आसपास सहा-सात मिलिमीटर वर लागतो. तुमच्या रायफलचे आकडे वेगळे येतील. दर पाच मीटरला एक ग्रुप पाडून त्यांचा तक्ता करा आणि दस्त्याला चिकटवा. छऱ्यांचा ब्रँड बदलला की तक्ता नवा.

पावसाळ्यात

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याची दमट हवा काचेला बुरशी धरवते. फोमच्या पेटीत रायफल बंद करून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. हवेशीर कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करून घ्या. पुडीतून काढून, आणि तो तवा स्वयंपाकाला न वापरता. काचेवर धूळ असेल तर आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने पुसलं की वरचा थर गेलाच म्हणून समजा. दर महिन्याला रिंगांचे स्क्रू आणि नेलपॉलिशची रेघ बघा, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की नव्या आलेख कागदावर पुन्हा एकदा पाच छर्रे.